वर्गणी चालू, गाणं बंद: जुन्या सिस्टिमवरचं स्ट्रीमिंग पुन्हा पुन्हा का अडतं

लक्षणं ठरलेली आहेत. फोनवर गाणं व्यवस्थित वाजतंय, सबस्क्रिप्शनचे पैसे कापले गेलेत, वायफाय फुल आहे, पण हॉलमधल्या अँप्लिफायरवर काही गाणं जात नाही. अ‍ॅपमध्ये स्पीकरचं नावच दिसत नाही, किंवा दिसतं आणि नुसतं चक्र फिरत बसतं. राउटर बंद-चालू केला की सुरू होतं, काही महिने बरं चालतं, मग पुन्हा तेच. शेवटी घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, "जुनं झालंय ते, एक साउंडबार आणून टाकू या." आणि इतकी वर्षं इमानेइतबारे वाजलेला सोनोडाइन किंवा फिलिप्सचा सेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

या साखळीत सगळ्यात आधी म्हातारा होतो तो अँप्लिफायर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसलेला छोटा डबा, म्हणजे वायफायवरून गाणं घेणारा स्ट्रीमर, आणि त्याहून आधी त्या डब्यातलं सॉफ्टवेअर. अँप्लिफायरला अ‍ॅप कळत नाही, म्हणून अ‍ॅप बदललं तरी त्याला फरक पडत नाही. त्यामुळे दुरुस्तीला बसताना पहिलं काम एकच: बिघाड डब्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते ठरवायचं. बाकी सगळं नंतर.

आधी साधी वायर लावा

डबा, वायफाय, अ‍ॅप सगळं बाजूला ठेवा. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर दारातच टांगलेली असते. ती फोनमधून अँप्लिफायरच्या 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'ट्यूनर' या खाचेत लावा. 'फोनो' लिहिलेल्या खाचेत लावू नका. ती रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असते, आत आवाज कित्येक पट वाढवणारं आणि बास फुगवणारं वेगळं सर्किट असतं. तिथे फोन लावला की आवाज फाटतो आणि लोक समजतात अँप्लिफायर गेला.

फोनला हेडफोनची खाच नसेल तर टाइप-सीची छोटी जोडणी लागेल. इथे एक मेख आहे. स्वस्तातल्या काही जोडण्यांमध्ये नुसत्या तारा असतात. फोनच टाइप-सी खाचेतून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर काढत असेल तरच त्या चालतात, आणि बरेच फोन तो काढत नाहीत. आत 'डॅक', म्हणजे डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी चिप, असलेली जोडणी मागा, म्हणजे बहुतेक कुठल्याही फोनवर चालेल. दुकानदाराला 'डॅकवाली' म्हटलं की कळतं.

जुन्या फिलिप्स सेटना लाल-पांढऱ्या खाचांऐवजी गोल पाच पिनांची खाच असते. तिच्यासाठीही तयार वायर मिळते, पण त्या वायरीला चार पिना निघतात: दोन आवाज आत नेणाऱ्या, दोन रेकॉर्डिंगसाठी बाहेर आणणाऱ्या. एका जोडीवर काही ऐकू आलं नाही तर दुसरी जोडी लावून बघा आणि मगच निराश व्हा.

वायरनेही वाजलं नाही तर

मग दोष खरंच अँप्लिफायरच्या बाजूला आहे. तरीही पेचकस हातात घ्यायच्या आधी समोरच्या पट्टीवरची बटणं बघा. 'टेप मॉनिटर' नावाचं एक बटण असतं. ते दाबलेलं राहिलं की अँप्लिफायर कॅसेट डेककडून आवाज यायची वाट बघत बसतो, आणि डेक तर कधीच माळ्यावर गेलेला असतो. झाडपूस करताना फडक्याने हे बटण दाबलं जातं आणि सेट 'मरतो'. अशा मेलेल्या सेटना नुसतं बोट लावून जिवंत केल्याबद्दल मला सोसायटीत अवाजवी मान मिळालेला आहे. 'स्पीकर ए-बी'चा स्विचही तसाच. तो भलत्या बाजूला गेला तरी शांतता.

बटणं बरोबर असूनही एकाच बाजूचा आवाज येत असेल, किंवा व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल, तर आतल्या संपर्कांवर गंज चढलाय. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा इथल्या दमट हवेत हे होणारच, त्यातून सेट पावसाळाभर बंद राहिला असेल तर नक्कीच. प्लग काढून व्हॉल्यूम आणि सिलेक्टरची बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नको, तो मागे तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. झाकण उघडायचं काम मेकॅनिकवर सोडलेलं बरं, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ करंट असतो.

स्पीकरची जाळी काढून कोनाभोवतीची किनार बघा. ती फोमची असेल तर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने भुसभुशीत होते, बोट लावलं की काळा चुरा हाताला लागतो. आवाज फाटका येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. नवा स्पीकर घ्यायची गरज नाही, किनार बदलून मिळते. किनार रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक अजून ठणठणीत असेल.

आवाज येतोय पण मागे सतत 'घुंऽऽ' चालू आहे? लॅपटॉप लावला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा. घुं गेली तर अर्थिंगचा घोळ आहे. 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी नळी वायरीच्या मध्ये लावायची, संपलं. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वायरने वाजतं, पण अ‍ॅपला दिसत नाही

आता खऱ्या मुद्द्यावर आलो. सेट ठणठणीत आहे, डबा अडलाय. 'परवापर्यंत चालत होतं' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, परवा काय बदललं? उत्तर सहसा तीनपैकी एक असतं: नवा राउटर, नवा फोन, नाहीतर अ‍ॅपचं अपडेट.

राउटर बदलल्यावर होतं ते असं. जुने डबे बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फायबरवाल्याने बसवलेला नवा राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतो. जुन्या डब्याला हे जमत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या आणि डबा २.४वर जोडा. तिथेच सुरक्षेचा प्रकार बघा. 'डब्ल्यूपीए३' असेल तर जुन्या यंत्राला ते कळत नाही, 'डब्ल्यूपीए२' ठेवा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड माहीत नसेल तर बऱ्याचदा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, नाहीतर फायबरवाल्याच्या माणसाला फोन करा. त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रकार मोठ्या किंवा लांबट घरांत दिसतो. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर लावलेला असतो. फोन त्या दुसऱ्यावर, डबा पहिल्यावर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, पण एकमेकांना ते दिसत नाहीत, कारण दुसऱ्या राउटरने आपलं वेगळं जाळं मांडलेलं असतं. तो 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकला की दोघं एका जाळ्यात येतात. फोन 'गेस्ट' वायफायवर असेल तरी हेच लक्षण. गेस्ट जाळ्यातल्यांना घरातली बाकी यंत्रं दिसू नयेत अशीच ती सोय असते.

नवा फोन घेतला असेल तर परवानग्या बघा. आयफोनवर आयओएस १४पासून, म्हणजे २०२०पासून, प्रत्येक अ‍ॅप 'लोकल नेटवर्क' वापरू का असं विचारतं. घाईत 'नाही' दाबलं जातं आणि मग ते अ‍ॅप घरातला एकही स्पीकर शोधू शकत नाही. अँड्रॉइडवर असाच प्रश्न 'जवळपासची उपकरणं' या नावाने येतो. आणि फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तो आधी बंद करा.

रीसेट करायची घाई नको

काही चालेना की लोक टाचणी घेऊन डब्याच्या बारीक भोकात खुपसतात. हा उपाय अगदी शेवटचा आहे, आणि कधी कधी तर तोच घात करतो.

२०२५च्या मार्चमधलं उदाहरण घ्या. गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ नावाचं एक छोटं गोल यंत्र होतं. २०१५मध्ये आलं, भारतातही विकलं गेलं, २०१९च्या जानेवारीत गुगलने त्याचं उत्पादन बंद केलं. कुठल्याही जुन्या अँप्लिफायरला वायरने जोडायचं आणि फोनवरून गाणं पाठवायचं, इतकं सुटसुटीत की लोकांनी ते वर्षानुवर्षं जपून वापरलं. ९ मार्च २०२५च्या सुमाराला जगभरातली ही यंत्रं आणि त्यांची भावंडं, म्हणजे दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट, एकदम चालेनाशी झाली. वीज होती, वायफाय होतं, यंत्रात काही जळलं नव्हतं. झालं होतं इतकंच की 'हे यंत्र अस्सल आहे' हे फोनला पटवून देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर एक तारीख घातली होती आणि ती तारीख उजाडली.

गुगलने तेव्हा लगेच सांगितलं की फॅक्टरी रीसेट करू नका. काही दिवसांत दुरुस्ती आली आणि स्वस्थ बसलेल्यांची यंत्रं आपोआप सुरू झाली. ज्यांनी टाचणी खुपसली होती त्यांची पंचाईत झाली: रीसेट केलेलं यंत्र पहिल्यापासून सेट करायला लागतं, आणि सेट करतानाच तर ती ओळख पटवायची असते. त्यांना अ‍ॅपच्या नव्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं.

म्हणून नियम असा ठेवा की काल रात्री चालणारं यंत्र आज सकाळी अचानक बंद पडलं आणि घरात काहीही बदललेलं नाही, तर आधी त्या यंत्राचं नाव टाकून बातम्या शोधा. एकाच दिवशी सगळ्यांचं बंद पडलं असेल तर तुमच्या हातात करण्यासारखं काही नाही. दोन-चार दिवस वायर लावून ऐका.

तारखेचाच आणखी एक घोळ आहे. जुना अँड्रॉइड फोन कायमचा अँप्लिफायरला जोडून ठेवायची युक्ती बरेचजण करतात. चांगली आहे, पण ७.१.१च्या आधीचं अँड्रॉइड असेल तर इंटरनेटवरच्या कितीतरी सेवांची नवी प्रमाणपत्रं त्याला ओळखताच येत नाहीत, आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. तसंच, जुन्या रास्पबेरी पायसारख्या (हा तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) ज्या यंत्रांत घड्याळाची बॅटरी नसते ती सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात. वीज गेली आणि आली की राउटरच्या आधीच यंत्र जागं होतं, वेळ चुकीची धरतं, आणि सगळी प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटायला लागतात. आधी राउटर सुरू करा, तीनेक मिनिटं जाऊ द्या, मग यंत्राचं बटण दाबा. भारनियमनाच्या गावात या एका सवयीने निम्म्या तक्रारी मिटतात.

कंपनीनेच हात वर केले असतील तर

हा बिघाड दुरुस्त होत नसतो, फक्त ओळखायचा असतो. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स या आपल्या स्ट्रीमिंगच्या डब्याचं उत्पादन २०१२मध्ये थांबवलं आणि त्याच्यामागची ऑनलाइन सेवा २०२४च्या मार्चमध्ये बंद केली. स्पॉटिफायने गाडीसाठी काढलेलं 'कार थिंग' डिसेंबर २०२४मध्ये पूर्ण बंद झालं. आत बिघाड काही नव्हता, कंपनीने ते बंद करायचं ठरवलं, एवढंच. बोसने २०२५च्या ऑक्टोबरात साउंडटच स्पीकरची क्लाउड सेवा २०२६मध्ये बंद होणार असं जाहीर केलं.

सोनॉसची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २०१९मध्ये या कंपनीने जुना स्पीकर असलेल्यांना नव्यावर ३० टक्के सूट देऊ केली. अट अशी की जुन्यावर 'रीसायकल मोड' लावायचा. तो लावला की २१ दिवसांनी तो चालता स्पीकर कायमचा बंद व्हायचा, मग कुणाला द्यायची सोय नाही की विकायची नाही. लोक भडकले. पाठोपाठ २०२०च्या जानेवारीत सगळ्यात जुन्या स्पीकरांना मे महिन्यानंतर अपडेट मिळणार नाहीत असं जाहीर झालं, लोक आणखी भडकले, कंपनीला माफी मागावी लागली, तो रीसायकल मोडही काढला. जुन्यांसाठी 'एस१' आणि नव्यांसाठी 'एस२' अशी दोन अ‍ॅप त्यातूनच झाली. तुमच्याकडे जुना सोनॉस असेल आणि नव्या अ‍ॅपला तो दिसत नसेल तर आधी 'एस१' टाकून बघा. अर्धी कोडी तिथेच सुटतात.

या सगळ्यांत एक समान धागा आहे: कंपनीशिवाय वाजायची दुसरी वाट ज्याला आहे, ते टिकतं. बोसच्या त्या स्पीकरांना ऑक्सची खाच, आणि बऱ्याच मॉडेलांना ब्लूटूथही, असल्यामुळे क्लाउड गेल्यावरही ते गाणं वाजवू शकतात. स्क्वीझबॉक्सचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून हौशी लोकांनी ते 'लिरिअन' या नावाने चालू ठेवलंय आणि कंपनीने सोडलेले डबे त्यावर आजही वाजतात. कार थिंगला कंपनीने अशी वाट ठेवली नव्हती.

दोष यंत्राचा नाहीच, अशा वेळा

गाणं मधेच थांबतं आणि फोनवर दुसऱ्याच यंत्राचं नाव दिसतं? एकट्याच्या सबस्क्रिप्शनवर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. बाबांनी इकडे अभंग लावलेत आणि त्याच खात्यावर बंगळूरच्या मुलाने जिममध्ये काहीतरी सुरू केलं की इकडचं बंद. "आपला स्पीकर दर सकाळी सातला रुसतो" ही तक्रार मी यात धरतो. फॅमिली प्लॅन घ्या किंवा चिरंजीवांना स्वतःचे पैसे भरायला लावा.

अचानक जाहिराती सुरू झाल्या असतील तर पैसे कापले गेलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जाण्यासाठी वेगळी मंजुरी लागते. कार्ड बदललं, की ती मंजुरी नव्याने द्यावी लागते, आणि न दिल्यास खातं गुपचूप फुकटवर घसरतं. जुन्या काही उपकरणांवर फुकटचं खातं चालतच नाही, त्यामुळे बिघाड स्पीकरचा वाटतो.

गाणी करडी पडली किंवा यादीतून नाहीशी झाली, तर तो हक्कांचा मामला असतो. स्पॉटिफाय २०१९च्या फेब्रुवारीत भारतात आलं तेव्हा सारेगामाशी करार नव्हता. तो २०२०मध्ये झाला. तोवर एचएमव्हीच्या जुन्या मराठी रेकॉर्डींचा सगळा खजिना तिथे नव्हता. २०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी तिथून काही काळ गायब झाली होती. आणि सेवाच बंद झाली तर? गुगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस गेलं, रेसो ३१ जानेवारी २०२४ला, विंक त्याच वर्षी. डाउनलोड केलेलं त्याच्याबरोबर जातं, कारण ती फाइल त्या अ‍ॅपच्या कुलपातच असते. स्पॉटिफायवर तर महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन जावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत. सारेगामाचं कारवाँ २०१७मध्ये आलं आणि घरोघरी आजी-आजोबांच्या उशाशी बसलं, ते उगाच नाही. त्याला पासवर्ड लागत नाही.

मग घ्यायचं काय

अँप्लिफायर आणि स्पीकर ठेवा. मधला डबा तेवढा स्वस्तातला घ्या आणि चार-पाच वर्षांनी तो बदलावा लागेल हे धरूनच चाला. 'स्मार्ट' अँप्लिफायर घेऊन सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्यापेक्षा हे बरं. विमसारखे वायफाय स्ट्रीमर मिळतात. हौस असेल तर रास्पबेरी पायवर व्हॉल्युमिओ किंवा मूड हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकता येतं. नुसता ब्लूटूथचा रिसीव्हरही वाईट नाही. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि आवाज अँप्लिफायरवरून कमी-जास्त करा, म्हणजे पडदा टाकल्यासारखा मंद आवाज येणार नाही. फोन आला की गाणं थांबतं, एवढा जाच सोसावा लागतो.

टीव्हीवरूनच गाणी ऐकत असाल आणि ऑप्टिकल वायरीने छोटा डॅक जोडल्यावर काहीच ऐकू येत नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवा. साध्या डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही.

ज्या गाण्यांवर खरा जीव आहे, ती सीडीवरून फ्लॅक फाइलमध्ये (यात आवाजाची प्रत घटत नाही) उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवा. नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेट असतील तर त्या आधी घ्या, कारण त्यातलं बरंचसं कुठल्याच अ‍ॅपवर सापडत नाही. डेक बरीच वर्षं बंद असेल तर आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झालेला असू शकतो; तो साफ करून नवा टाकल्याशिवाय आवडती कॅसेट आत घालू नका.

सेकंडहँड वायफाय स्पीकर घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा: मागे ऑक्सची खाच आहे का, आणि आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढलाय का. "अ‍ॅप टाका, मग सगळं दिसेल," असं विकणारा म्हणाला, तर त्याला म्हणा, वायफाय बंद करून एक गाणं वाजवून दाखव.